यात्रेतली वाजणारी गाडी कोडने काढूया

प्रोग्रामिंग शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी बहुधा एक चौकोन आणि एक गोल काढायला सांगतात. ते जमतं, आणि पुष्कळांचं शिकणं तिथेच थांबतं, कारण त्या गोलाचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नसतं. म्हणून सुरुवात आज्ञांपासून करू नका, असं माझं सांगणं आहे. लहानपणी हातात असलेली आणि आता घरात कुठेच नसलेली एखादी वस्तू निवडा आणि तीच काढायला घ्या. ती काढताना जी आज्ञा लागेल, ती त्या वेळी शिका.

समोर असलेली वस्तू घेऊ नका. समोरच्या वस्तूची नक्कल होते, विचार करावा लागत नाही. हरवलेली वस्तू मात्र आठवावी लागते, आणि कोड तुम्हाला अंदाजावर सोडत नाही. पेन्सिलने "साधारण असं" म्हणत रेघ ओढता येते. कोडमध्ये ती रेघ कुठून कुठे जाते, किती जाड आहे, कोणत्या रंगाची आहे, हे सगळं आकड्यात सांगावं लागतं. आकडा सांगायचा म्हटलं की मन ती वस्तू पुन्हा उलटीपालटी करून बघायला लागतं. चाकाला पट्टे होते की ठिपके? काडी एक होती की दोन? शिकण्याला खरी ओढ या प्रश्नांमुळे लागते.

वस्तू कोणती घ्यावी

आपल्या खान्देशात निवडीला तोटा नाही. पोळ्याचे मातीचे बैल, भाद्रपदात बसवलेली गुलाबाई, आखाजीला निंबाच्या फांदीला बांधलेला झोका, भोवरा, शाळेतली मण्यांची पाटी. पण प्रत्येक वस्तू वेगळं काही शिकवते, हे निवडताना लक्षात ठेवा. मण्यांची पाटी घेतली तर एकच गोष्ट ओळीने पुन्हापुन्हा काढणं शिकाल. झोका घेतला तर आंदोलन शिकाल. भोवरा वरून बघितला तर एकात एक वर्तुळं आणि रंग, एवढ्यात होतो, म्हणून अगदी पहिल्यांदा बसणाऱ्याला तो बरा. बैल आणि गुलाबाईची मूर्ती दिसायला सोप्या वाटतात, पण त्यांच्या अंगाला सरळ रेघ नसते आणि सगळं काम वक्र रेषांवर येतं. त्या दुसऱ्या-तिसऱ्या चित्रासाठी ठेवा. कापडी बाहुलीच्या वाटेला तर सुरुवातीला जाऊच नका.

मी इथे यात्रेत मिळणारी वाजणारी गाडी घेतो. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, धुळ्याला चैत्रात पांझरेकाठी एकवीरादेवीची, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांच्या बाजारासह मोठी यात्रा. अशा यात्रांत जमिनीवर कापड पसरून बसलेल्या विक्रेत्याकडे ही गाडी असायची. दोन मातीची चाकं, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर एक मातीची वाटी, वाटीच्या तोंडावर ताणून चिकटवलेला कागद, आणि त्या कागदावर आपटणारी काडी. दोरीने ओढली की टकटक टकटक वाजत मागे यायची. घरी पोचेपर्यंत कागद फाटायचा, पण तोवर सगळ्या गल्लीला कळलेलं असायचं.

ही वस्तू मी मुद्दाम घेतली, कारण तिच्यात गोल आहे, सरळ रेघ आहे, अर्धगोल आहे, फिरणं आहे, आणि फिरण्यातून निर्माण होणारा ठोका आहे. एवढं एका खेळण्यात क्वचित मिळतं.

आधी वही, मग संगणक

चौकटीची वही घ्या आणि आठवेल तसं काढा. चित्र सुबक यायला हवं असं नाही. महत्त्वाची आहेत ती प्रमाणं. इथे एक सावधगिरी बाळगा. लहानपणीच्या मापांवर विश्वास ठेवू नका, कारण तेव्हा आपला हात लहान होता आणि प्रत्येक वस्तू मोठी वाटायची. "चाक किती मोठं होतं" असं विचारू नका. "वाटी चाकापेक्षा मोठी होती की लहान" असं विचारा. दोन भागांमधलं नातं आठवणीत सहसा नीट टिकतं.

जे आठवत नाही त्यासाठी फोन करा. घरात कुणीतरी असतंच ज्याने ती गाडी विकत घेऊन दिली होती किंवा मोडली होती. मी चाकं लाकडी धरून बसलो होतो, तेव्हा मामांनी एका वाक्यात निकाल लावला: "चाकं मातीना व्हतात रे भाऊ, लाकूडना नही." त्या एका वाक्याने चित्राचा रंग बदलला, आऱ्या गेल्या, आणि भरीव चाकावर रंगाचे पट्टे आले. अशी उत्तरं वहीत त्या त्या भागाशेजारी लिहून ठेवा.

साधन

मी पी-फाइव्ह जेएस सुचवतो. फुकट आहे, काही उतरवून घ्यावं लागत नाही, ब्राउझरमध्ये एडिटर डॉट पी५जेएस डॉट ऑर्ग हा पत्ता टाकला की लिहायला सुरुवात. मोबाइलवरही चालतं, पण लहान कीबोर्डवर कंस टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो. शाळा-कॉलेजचा किंवा ओळखीच्या कुणाचा संगणक मिळाला तर तो वापरा. याचं मूळ प्रोसेसिंग या साधनात आहे. ते केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये चित्रकार आणि डिझायनर लोकांना कोड लिहिता यावा म्हणून सुरू केलं. लॉरेन मॅकार्थी यांनी पुढे तोच विचार ब्राउझरसाठी पी-फाइव्हच्या रूपाने आणला. त्याही आधी, १९६७ मध्ये, मुलांना गणित शिकवण्यासाठी लोगो ही भाषा तयार झाली होती. पडद्यावरच्या कासवाला "पुढे जा, वळ" असं सांगून त्यात चित्र काढता येतं. तेच कासव आजही पायथॉन या भाषेबरोबर मिळतं. ज्यांना पायथॉन शिकायचंच आहे त्यांनी तिकडे जावं, पण हलतं चित्र लवकर हवं असेल तर पी-फाइव्ह सोयीचं.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी अंक वापरायचे. दोन शब्द जोडून झालेल्या आज्ञेत दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. ते लहान राहिलं तर आज्ञा चालत नाही. मात्र स्वतः ठेवलेली नावं देवनागरीत चालतात. चाक, काडी, वाटी अशी नावं कोडमध्ये जशीच्या तशी लिहिता येतात. जरूर लिहा. महिन्याभराने फाइल उघडाल तेव्हा काय कुठे आहे हे शोधावं लागणार नाही.

जमीन आणि चाक

एडिटर उघडलात की काही ओळी आधीच असतात. "सेटअप" नावाचा एक भाग, तो एकदाच चालतो. "ड्रॉ" नावाचा दुसरा भाग, तो बहुतेक पडद्यांवर सेकंदाला ६० वेळा चालतो. सेटअपमध्ये ४०० बाय ४०० चा कागद तयार केलेला असतो. त्याच्या खाली एक ओळ वाढवा:

अँगलमोड(डिग्रीज)

यातलं डिग्रीज सगळं कॅपिटल अक्षरांत. ही ओळ नसेल तर कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात मोजले जातात आणि नवख्या माणसाचं चित्र भलतीकडेच वळतं.

आता एक मोठा फरक समजून घ्या. शाळेच्या आलेखात शून्य खाली डावीकडे किंवा मध्यभागी असतं आणि वर जाताना आकडा वाढतो. इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि खाली जाताना आकडा वाढतो. वहीतल्या चित्राभोवती ४०० चा चौकोन आखून वरच्या डाव्या कोपऱ्यात शून्य लिहा, म्हणजे डोळ्यांना सवय होईल.

सगळी चित्रं ड्रॉ या भागात, त्याच्या महिरपी कंसाच्या आत लिहायची. आधी पार्श्वभूमी, नदीच्या वाळूचा रंग, आणि मग जमिनीची रेघ:

बॅकग्राउंड(२३०, २१५, १८५)
लाइन(०, ३२०, ४००, ३२०)

रंगाचे तीन आकडे म्हणजे लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. रेघेचे चार आकडे म्हणजे कुठून (आडवं, उभं) आणि कुठे (आडवं, उभं).

चाक जमिनीला टेकलेलं हवं. सर्कल या आज्ञेत तिसरा आकडा व्यास असतो, त्रिज्या नव्हे. व्यास १०० ठेवला तर मध्यबिंदू जमिनीच्या ५० वर, म्हणजे ३२० उणे ५०, २७० वर हवा. फिल म्हणजे आत भरायचा रंग:

फिल(२००, ४०, १००)
सर्कल(२००, २७०, १००)

राणी रंगाचं चाक जमिनीवर उभं राहिलं. इथे घाई करू नका. व्यास १४० करून बघा, चाक जमिनीत घुसेल. मग मध्यबिंदूचा आकडा स्वतः काढा आणि चाक पुन्हा टेकवा. हा हिशेब एकदा हाताने केला की पुढची सगळी जुळणी सोपी जाते. झालं की व्यास पुन्हा १०० करा.

सांगाडा आणि वाटी

पी-फाइव्ह वरून खाली ओळी वाचत जातं. नंतर काढलेली गोष्ट आधीच्या गोष्टीवर बसते. कामटी चाकाच्या मागून जाते, म्हणून तिची ओळ चाकाच्या आधी लिहा. मागचं टोक जमिनीवर घासत यायचं, पुढचं टोक वर. स्ट्रोक म्हणजे रेघेचा रंग, स्ट्रोकवेट म्हणजे तिची जाडी:

स्ट्रोक(१५०, ११०, ६०)
स्ट्रोकवेट(६)
लाइन(११०, ३१५, २९०, २२५)
लाइन(१९०, २७५, १९०, १९०)

पहिली रेघ बरोबर (२००, २७०) मधून जाते, म्हणजे आसातून. दुसरी रेघ म्हणजे काडी बांधायची उभी खुंटी. वाटीसाठी आर्क, म्हणजे वर्तुळाचा तुकडा:

फिल(१७०, ९०, ५०)
आर्क(२६०, २००, ८०, ७०, ०, १८०)
लाइन(२२०, २००, ३००, २००)

आर्कचे शेवटचे दोन आकडे कोन आहेत. उभा आकडा खाली वाढत असल्यामुळे ० ते १८० म्हटलं की खालचा अर्धा भाग मिळतो, म्हणजे तोंड वर असलेली वाटी. शेवटची रेघ म्हणजे ताणलेला कागद. तिचा रंग पांढरा, पिवळा, जो आठवेल तो द्या. एक ध्यानात असू द्या: स्ट्रोक किंवा फिल एकदा सांगितलं की बदलेपर्यंत तेच चालू राहतं. चाकाला अचानक जाड तपकिरी काठ दिसला तर कारण हेच. चाकाच्या आधी स्ट्रोकवेट(१) लिहा.

पुढच्या टोकाला दोरी लावा, लाइन(२९०, २२५, ४००, १३०). ती चौकटीबाहेर जाऊ द्या. ओढणारं पोर चित्रात दिसलं नाही तरी चालेल.

चाक फिरवायचं

इथे बहुतेक नवखे अडखळतात, म्हणून सावकाश जाऊ. रोटेट ही आज्ञा वस्तू फिरवत नाही, ती चित्राचा सगळा कागद फिरवते, तोही शून्याच्या कोपऱ्याभोवती. म्हणून आधी ट्रान्सलेटने शून्य उचलून आसावर आणायचं, मग फिरवायचं, मग काढायचं. आणि हे सगळं पुश आणि पॉप या दोन आज्ञांच्या मध्ये ठेवायचं. पुश म्हणजे कागदाची आत्ताची स्थिती लक्षात ठेव, पॉप म्हणजे त्या स्थितीला परत ये. पॉप विसरलात तर नंतर काढलेलं सगळं चाकाबरोबर गरगर फिरायला लागतं.

चाकाची आधीची सर्कलची ओळ पुसा. राणी रंगाची फिलची ओळ पुशच्या लगेच वर ठेवा, नाहीतर चाक वाटीच्या रंगाचं होईल. मग हे लिहा:

लेट कोन = फ्रेमकाउंट * २
पुश()
ट्रान्सलेट(२००, २७०)
रोटेट(कोन)
सर्कल(०, ०, १००)
पॉप()

लेट म्हणजे एका नव्या नावात आकडा ठेवणं, * म्हणजे गुणिले. फ्रेमकाउंट म्हणजे ड्रॉ आतापर्यंत किती वेळा चालला तो आकडा. तो वाढत जातो, म्हणून कोनही वाढत जातो. "कोन"ची ओळ ड्रॉच्या सुरुवातीलाच, बॅकग्राउंडच्या खाली नेऊन ठेवा. पुढे ती इतरत्रही लागणार आहे.

चालवलंत तर काहीच हलताना दिसणार नाही, कारण नितळ वर्तुळ फिरलं तरी तसंच दिसतं. पट्टे हवेत. ते आठ वेळा वेगवेगळे लिहू नका. फॉर लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवणारी रचना, वापरा: आय हा आकडा ० पासून सुरू, ८ पेक्षा कमी असेपर्यंत, दर वेळी १ ने वाढव. लूपच्या कंसात दोन ओळी, लाइन(०, ०, ४५, ०) आणि रोटेट(४५). आठ वेळा ४५ म्हणजे ३६०, फेरी पूर्ण. पट्ट्यावर ठिपका हवा असेल तर लूपमध्येच, रोटेटच्या आधी, सर्कल(३०, ०, ८). हा लूप सर्कलनंतर आणि पॉपच्या आधी बसवा.

चाक जागच्या जागी फिरतंय, गाडी मात्र पुढे जात नाही. गाडी हलवण्याऐवजी जमीन मागे सरकवा, म्हणजे गाडी चौकटीत राहील. पण किती वेगाने? चाकाची एक फेरी म्हणजे परिघाएवढं अंतर. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांनी लीलावतीत परीघ काढायची रीत दिली आहे: व्यासाला ३९२७ ने गुणा, १२५० ने भागा, आणि ढोबळ कामाला २२ ने गुणून ७ ने भागा. आपला व्यास १००, म्हणजे परीघ ३१४.१६. दर वेळी २ अंश फिरलो तर एका फेरीला १८० वेळा लागतात. ३१४.१६ भागिले १८०, म्हणजे दर वेळी जमीन साधारण १.७४५ सरकायला हवी.

जमिनीवर खडे म्हणून छोट्या रेघा काढा. आणखी एक फॉर लूप, आय ० ते ७, आणि आत:

लेट एक्स = आय * ६० - (फ्रेमकाउंट * १.७४५) % ६०
लाइन(एक्स, ३३०, एक्स + १५, ३३०)

% म्हणजे भागाकारातली बाकी. ती ६० च्या पुढे कधीच जात नाही, म्हणून खडे संपत नाहीत. १.७४५ च्या जागी ५ टाकून बघा. चाक घसरतंय असं लगेच जाणवेल. डोळ्यांना हा हिशेब कळतो, ही फार सुंदर गोष्ट आहे.

काडीचा ठोका

या खेळण्याचा जीव काडीत आहे, तेव्हा तिला पुरेसा वेळ द्या.

खऱ्या गाडीत काय होतं? काडी पीळ दिलेल्या दोऱ्यात अडकवलेली असते. आसाबरोबर फिरणारी वेगळी खुंटी काडीच्या एका टोकाला ढकलते, दुसरं टोक कागदावरून हळूहळू वर उचललं जातं, दोऱ्याचा पीळ घट्ट होतो. मग खुंटी निसटते, आणि पीळ काडीला झटक्याने परत आणून कागदावर आपटवतो. सावकाश वर, एकदम खाली.

हलणाऱ्या चित्रासाठी पुष्कळ ठिकाणी साइन वापरायला सांगतात, म्हणजे ज्या. झोक्यासाठी ती अगदी योग्य. इथे ती लावून बघाच, म्हणजे फरक कळेल: काडी पंख्यासारखी मऊ वरखाली होते, ठोका पडतच नाही. आपल्याला हवं आहे ते सावकाश चढणं आणि एकदम पडणं, आणि % ने मिळणारी बाकी नेमकं तेच करते. कोन भागिले ९० ची बाकी ० पासून ९० पर्यंत हळूहळू चढते आणि एका क्षणात पुन्हा ० होते. एका फेरीत चार ठोके.

लेट उचल = मॅप(कोन % ९०, ०, ९०, ८, -२०)
पुश()
ट्रान्सलेट(१९०, १९०)
रोटेट(उचल)
लाइन(-२०, ०, ७०, ०)
पॉप()

मॅप एका पट्टीवरचा आकडा दुसऱ्या पट्टीवर नेतो. इथे ० ते ९० चं रूपांतर ८ ते उणे २० अंशांत होतं. ८ अंशाला काडीचं टोक कागदाला टेकतं, कारण काडी ७० लांब आहे आणि कागद तिच्या १० खाली. उणे २० अंशाला ती वर उचललेली असते. खुंटी ज्याला ढकलते ते टोक म्हणजे लाइनच्या ओळीतल्या उणे २० कडचा छोटा भाग.

ठोका डोळ्यांना दिसावा म्हणून आणखी एक ओळ घाला: इफ वापरून, कोन % ९० हा १० पेक्षा कमी असेल तेव्हाच कागदाच्या वर दोन-तीन बारीक तिरक्या रेघा काढा. त्या क्षणभर चमकतात आणि जातात. आवाज पी-फाइव्हमध्ये देता येतो, पण त्यासाठी वेगळी लायब्ररी (तयार आज्ञांचा संच) वापरावी लागते. आधी चित्र पक्कं करा.

सुबकपणा काढून टाका

आता गाडी चालते, वाजते, आणि तरी ती आपली वाटत नाही. कारण ती फार नीट आहे. हाताने थापलेल्या मातीच्या चाकाचं भोक बरोबर मधोमध कधीच नसायचं, म्हणून गाडी उचकत चालायची. चाकाच्या पुश-पॉपमधली सर्कलची ओळ सर्कल(३, ०, १००) करा. आस जागेवर राहतो, चाक मात्र तीन घरं सरकलेलं. एवढ्याने चाल बदलते. मग पट्ट्यांपैकी एखादा फिकट करा, वाटीचा रंग जरा डागाळलेला ठेवा, कामटी अगदी सरळ असेल तर टोकाशी दोन-चार घरांनी हलवा. कुठे थांबायचं हे आठवण सांगते. माझ्या मते हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळ घेण्याच्या लायकीचा आहे.

जतन करायला एडिटरवर खातं उघडावं लागतं, नाहीतर पान बंद केलं की कोड जातो. जतन केल्यावर शेअरमधून दुवा मिळतो. तो घरच्या ग्रुपवर टाका, पण "कसं वाटलं" असं विचारू नका, त्याला सगळे अंगठा दाखवतात. नेमकं विचारा: चाकाचा रंग हाच होता का? वाटी पुढे होती की मध्ये? काडी एक होती की दोन? आमच्याकडे उत्तर "दोन, आलटून पालटून" असं आलं.

तुमच्याकडेही दोन निघाल्या, तर काडीच्या सगळ्या ओळी खाली पुन्हा चिकटवा, उचल या नावाऐवजी उचल२ लिहा, आणि कोन % ९० च्या जागी (कोन + ४५) % ९० करा. पहिली अर्ध्या वाटेवर असताना दुसरी पडेल.